भुजंगरावांची पिवळी चिठ्ठी

आमच्या लिफ्टच्या दाराला एक लाल चिठ्ठी लटकलेली आहे. लिफ्ट चांगली चालते, दर महिन्याला माणूस येऊन तेलपाणी करून जातो. पण चिठ्ठी आहेच. तिच्यावर सुबक अक्षरात लिहिलंय, 'रिजेक्ट. दुसऱ्या मजल्यावर अर्धा इंच खाली थांबते.' खाली सही, भु. राव. नवा पाहुणा ती वाचतो, एकदा लिफ्टकडे बघतो आणि मुकाट्याने जिना चढायला लागतो. आम्ही चौथ्या मजल्यावर. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस धापा टाकत येतो आणि पाणी मागायच्या आधी विचारतो, "हा भु. राव कोण?"

तर हे भुजंगराव. आमच्या समोरच्या दारातले. घराणं तंजावरकडचं, मराठी माणूस, पण कित्येक पिढ्या इकडे. मी मिरजेची, रेल्वेत नोकरीला. बदली होऊन चेन्नईला आले आणि अंबत्तूरला जागा घेतली, तेव्हा शेजारी मराठी बोलणारे आहेत म्हणून मला कोण आनंद झाला! पहिल्याच सकाळी मी एग्मोरच्या ऑफिसला निघाले होते, तर हे दारात. म्हणाले, "बाई, कोठें निघालींत?" मला वाटलं, खाली घोडा बांधलाय की काय यांचा. दोनतीनशे वर्षांपूर्वीची मराठी, तिला तमिळचा हेल, आणि अधूनमधून 'सरी, सरी', म्हणजे तमिळमधलं 'बरं, बरं'. पहिले पंधरा दिवस मी नुसती मान हलवत होते.

जवळच्याच आवडी नावाच्या गावात एका सरकारी कारखान्यात लष्कराच्या गाड्या तयार होतात. तिथे भुजंगरावांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. बाहेरून आलेला प्रत्येक सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, भिंगातून बघायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. आणि पिवळी म्हणजे होल्ड, अजून ठरलेलं नाही. पिवळी चिठ्ठी असलेली वस्तू वेगळ्या मांडणीवर राहते आणि काही झालं तरी गेटाबाहेर जात नाही. शिवाय एक कडक नियम. चिठ्ठी ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. साहेब आला तरी हात लावायचा नाही.

नोकरी संपली, चिठ्ठ्या संपल्या नाहीत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून, रंगवून, भोक पाडून, सुतळीचा तुकडा ओवून त्यांचा एक गठ्ठा कायम खिशात असतो. शेवग्याच्या शेंगा घरात आल्या की एकेक हिरवी किंवा लाल होते. कॉफीचा पहिला पेला तपासणीचा, दुसरा पिण्याचा. मी मिरजेहून आणलेलं लोणचं त्यांना प्रेमानं नेऊन दिलं, तर बरणीला पिवळी चिठ्ठी. मी वैतागून काढायला गेले, तर केवढ्यांदा ओरडले, "बाई! बांधणारा मी. सोडणाराही मीच." लोणचं अकरा दिवसांनी पास झालं. तोवर बरणी अर्धी झाली होती, ती तपासणीत.

हसायला काय जातं म्हणा. पण याच माणसानं आमच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा चहासुद्धा न घेता माझ्या गॅसच्या नळीला लाल चिठ्ठी बांधली होती. मी मनात म्हटलं, काय आगाऊ माणूस आहे! दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला, नळी वाकवून बघितली आणि मलाच चार शब्द सुनावून गेला. आतून चिरली होती. तेव्हापासून मी भुजंगरावांना हसते, पण पाठीमागे.

त्यांचं एक पालुपद आहे. दिवसातून दहा वेळा तरी येतं. "पाहावें ते गेटाच्या आंत पाहावें. गेटाबाहेर गेलं, कीं तें आपलं नाही." दुधाच्या पिशवीपासून मंत्रिमंडळापर्यंत सगळ्याला हेच लागू.

त्यांच्या बायकोला, कमलाक्कांना, मी एकदा विचारलं, "तुम्हाला कुठली चिठ्ठी बांधली होती हो?" त्या शांतपणे इडलीचं पीठ ढवळत म्हणाल्या, "पिवळी. पाहून गेले, कळवतों म्हणाले, आणि आठ मास गप्प. माझ्या बापानं तीन पत्रं धाडलीं."

"आठ महिने काय तपासत होते?"

"पुसलं नाही, बाई. पास झाल्यावर कोण पुसतें?"

या दोघांची एकुलती एक मुलगी पद्मजा. पद्दू. इंजिनिअर झालेली, हुशार, बोलताना तमिळ, इंग्रजी आणि मराठी एकाच वाक्यात. तिच्या शाळेच्या दिवसांत भुजंगराव रोज सकाळी तिला दारात उभी करायचे. नखं, वेणी, बुटाची नाडी, डबा, पाण्याची बाटली. मग दप्तराला हिरवी चिठ्ठी. तेव्हाच शाळा. पद्दू सांगते, वर्गात तिला सगळे 'पार्सल' म्हणायचे.

यंदा एप्रिलात, ऊन डोक्यात जात असताना, पद्दूला जर्मनीहून पत्र आलं. पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, सप्टेंबरात जायचं. भुजंगराव मजल्यावरच्या चारही घरांत स्वतः साखर वाटून आले. आणि चौथ्या दिवशी आमच्या मजल्यावर तो प्रश्न उपटला, ज्यानं पुढचे चार महिने आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

लॅपटॉप इथून घेऊन जायचा, की तिथे जाऊन घ्यायचा?

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? मीही तेच म्हटलं. पद्दूचा जुना लॅपटॉप मरायला टेकलेला. त्याची बिजागरी तुटलेली, त्यामुळे पडद्याला मागून तांदळाच्या डब्याचा टेकू. चालू केला की आतला पंखा इडलीच्या ग्राइंडरसारखा घरघरायचा. म्हणजे नवा हवाच होता. फक्त कुठे, एवढंच ठरवायचं.

भुजंगरावांनी दोनशे पानी वही आणली. इथे घेतला तर हाताळून, तपासून घेता येतो. पण तिथे बिघडला तर इथली वॉरंटी ते लोक मानतील का? तिथे घेतला तर वॉरंटी तिथलीच. पण तिथल्या कीबोर्डवर म्हणे वायच्या जागी झेड आणि झेडच्या जागी वाय. मुलीची बोटं इथली, ती चुकणार. शिवाय इथला प्लग तिथल्या भिंतीत जात नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तिथे तो लॅपटॉप तपासणार कोण?

"पद्दू तपासेल की," मी म्हटलं. "इंजिनिअर आहे ती."

"इंजिनिअर बनवतो, बाई. तपासतो तो वेगळा."

मे गेला. जून गेला. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून घामाघूम होऊन जिन्यात पोचावं, तर हे वही घेऊन उभे. आज इथे घ्यावा असं वाटतंय. उद्या तिथे. परवा पुन्हा इथे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. मला तर चावी दाराला लावताना धडधडायला लागलं. मी जिना सोडून लिफ्टनं यायला लागले, तर हे लिफ्टच्या दाराशी. 'काय ठरलं?' असं विचारलं की एकच उत्तर, "होल्ड."

जुलैतल्या एका शनिवारी मला गळ घालून रिची स्ट्रीटला, इथल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, घेऊन गेले. म्हणे दुसऱ्याची नजर पाहिजे. माझी हक्काची सुट्टी! तिथल्या गर्दीत, उकाड्यात, हे एका दुकानात शिरले आणि खिशातून काढलं काय, तर गवंड्याची पाणसळ. नळीतला बुडबुडा मधोमध येतो की नाही ते बघायला ती लॅपटॉपच्या झाकणावर ठेवली. मग भिंग. मग पट्टी. मग विक्रेत्याला तमिळमधून विचारलं, "या खेपेत किती रिजेक्ट झाले?" तो बिचारा म्हणाला, "सार, रिजेक्ट झालेले आमच्याकडे कशाला येतील?" तर हे माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा बाई, याला आंकडा ठाऊक नाही."

तेवढ्यात दुकानाचा मालक आतून आला. भुजंगरावांना बघून त्याचा चेहरा फुलला आणि भराभर काहीतरी बोलायला लागला. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं. त्यातलं मला फक्त 'सार' आणि 'पोण्णू', म्हणजे मुलगी, एवढंच कळलं. भुजंगराव एकदम गोरेमोरे झाले, पाणसळ खिशात कोंबली आणि मला जवळजवळ ओढतच बाहेर आणलं.

"काय म्हणत होता तो?"

"वेगळा कोणी समजला मज," म्हणाले आणि दिसली ती पहिली ऑटो थांबवली. मला वाटलं, उन्हानं असेल.

ऑगस्ट उजाडला. पद्दूचे पूर्वतयारीचे वर्ग घरूनच, लॅपटॉपवर सुरू झाले. शेवटी परीक्षा. ती पास झाली नाही तर तिथे जाऊन एक सत्र वाया. आणि तिसऱ्याच दिवशी वर्ग चालू असताना जुन्या लॅपटॉपनं एकदा मोठ्यांदा घरघर केली आणि मान टाकली. अक्षरशः. पडदा डब्यावरून घसरला तो जमिनीवर.

पद्दू माझ्या दारात आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "मंगल आंटी, तुमचा लॅपटॉप द्या ना, प्लीज. आणि अप्पांना सांगा, मला काहीच नको. मी तिकडं जाऊन घेते. फिनिश! रोज होल्ड, होल्ड. त्यांना मी जायलाच नको आहे का?"

मी तिला माझा लॅपटॉप दिला, बसवलं, पाणी दिलं. आणि मग मिरजेचं पित्त खवळलं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि हा माणूस तळ्यात मळ्यात खेळतोय! तशीच ओच्याला हात पुसत समोरच्या दारात गेले. म्हटलं, आज सोक्षमोक्षच लावते.

भुजंगराव भाजीला गेले होते. कमलाक्का एकट्याच. मी त्यांच्यावरच सुरू झाले, "अक्का, तुम्ही तरी बोला ना काहीतरी! लाज वाटायला पाहिजे, चार महिने एका लॅपटॉपवर..."

कमलाक्कांनी माझा हात धरला. आतल्या खोलीत नेलं. लोखंडी कपाट उघडलं. रेशमी साड्यांची घडी दोन्ही हातांनी उचलली. खाली एक पांढरं खोकं. न उघडलेलं, चिकटपट्टीसुद्धा शाबूत. वर लॅपटॉपचं चित्र. आणि त्याला सुतळीनं बांधलेली पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख एप्रिलातली. पद्दूचं पत्र आलं त्याच दिवसाची.

मी पलंगावर बसून ती तारीख पुन्हा वाचली.

"साखर वाटली, आणि तसेच ऑटो करून गेले," कमलाक्का म्हणाल्या. "डबा उघडून पाहिलाही नाही, बाई. ज्यानं मज आठ मास पाहिलं, त्यानं हें न पाहतां आणलं. इतका आनंद झाला होता."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत?"

"त्याच सांजेपासून. कपाटांत साड्या माझ्या आहेत."

"मग बोलला का नाहीत?"

"मी पूजेला बसलें कीं हळूच येऊन कपाट उघडतात. डब्यावर हात ठेवतात. पुन्हा बंद करतात. काय बोलूं?"

मग ती वही? ते झेड आणि वाय? ती पाणसळ, आणि माझा तो शनिवार? म्हणजे त्या दुकानाच्या मालकानं यांना बरोबर ओळखलं होतं! माझ्या डोक्यात असा संताप गेला म्हणता! आणि नेमके त्याच वेळी भुजंगराव हातात भाजीची पिशवी घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले. उघडं कपाट बघितलं, मला बघितलं. पिशवीतून एक शेवग्याची शेंग खाली पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

"भुजंगराव," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"होल्ड," ते म्हणाले. सवयीनं.

"काय दोष आहे त्यात?"

"त्यांत काही दोष नाही." ते स्टुलावर बसले. पिशवी मांडीवरच. "हा डबा उघडला कीं बॅग काढायची. बॅग काढली कीं भरायची. भरली कीं... पिवळी चिठ्ठी असली तर वस्तू गेटाबाहेर जात नाही, बाई. चौतीस वर्षांचा नियम. मज वाटलं, हें एक तरी राहूं दे. हें राहिलं आहे, तोंवर सगळंच राहिलं आहे." मग खूप हळू म्हणाले, "मज नाही जमत, बाई. तिला पास करणं मज नाही जमत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझी स्वतःची लेक नववीत आहे. मी त्या पलंगावर बसून ढसाढसा रडले, आणि कमलाक्का मला पाणी आणायला गेल्या. रडायला हवं होतं त्यांनी, आणि रडत होते मी!

अखेर मीच नाक पुसून उठले. म्हटलं, "भुजंगराव, पोर समोर माझ्या घरात दुसऱ्याच्या लॅपटॉपवर वर्गाला बसलीय. तिला वाटतंय, अप्पांना मी जायलाच नको आहे."

हे ऐकल्यावर मात्र ते चटकन उठले. खोकं उचललं, पिवळी चिठ्ठी स्वतःच्या हातानं सोडली, खिशात ठेवली आणि अनवाणीच आमच्या घरात गेले.

पुढचा तमाशा सांगण्यासारखा नाही. पद्दू आधी किंचाळली, "अप्पा! चार महिने? मी तांदळाच्या डब्याला टेकवून सगळे फॉर्म भरले!" मग रडली, मग हसली, मग वर्ग चालू आहे हे आठवून पुन्हा किंचाळली. वर्ग संपल्यावर बापलेक माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसले आणि दोन तास तपासणी चालली. तिनं एकेक कळ दाबायची, यांनी वहीत खूण करायची. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. वॉरंटीतले चार महिने मात्र साड्यांखाली उबवून संपलेले होते.

"ही चूक तपासणाराची," भुजंगराव म्हणाले आणि लॅपटॉपला हिरवी चिठ्ठी बांधली.

पद्दू परीक्षा पास झाली. सप्टेंबरात दुपारचं विमान होतं, सकाळी गाडी खाली आली. सगळा मजला जिन्यात. दोन बॅगांना हिरव्या चिठ्ठ्या. सांबार पुडीच्या पाकिटाला हिरवी. माझ्या लोणच्याला हिरवी, आणि यावेळी लगेच. पद्दू पाठीवर सॅक लावून बापासमोर उभी राहिली, लहानपणी उभी राहायची तशी. दोन्ही हात पुढे केले, नखं दाखवली.

"अप्पा, आणि मी?"

भुजंगरावांनी नखं पाहिली. वेणी नव्हती, कापलेले केस होते, ते पाहिले. खाली वाकून बुटाची नाडी पाहिली, आणि ती बांधलेली असूनही सोडून पुन्हा बांधली. त्यात बराच वेळ गेला. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मग उठून त्यांनी खिशातला गठ्ठा काढला, हिरवी चिठ्ठी निवडली आणि सॅकच्या पट्ट्याला बांधली. गाठ ओढून पाहिली.

"पास," म्हणाले.

पद्दूनं त्यांच्या हातातला गठ्ठा घेतला. त्यातली एक पिवळी चिठ्ठी काढली, माझ्याकडून पेन मागितलं, भिंतीवर चिठ्ठी टेकवून काहीतरी लिहिलं आणि ती त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाला बांधली. मग कुणालाही काही बोलू न देता, मागे न बघता, लिफ्टमध्ये शिरली. लाल चिठ्ठीच्या त्याच लिफ्टमध्ये. भुजंगराव तिला नको म्हणायचे विसरले. आईबापांनी विमानतळावर यायचं नाही, असं तिनं आधीच बजावलं होतं. आम्ही गॅलरीतून पाहिलं. गाडी आमच्या गेटाबाहेर गेली आणि वळली.

मी भुजंगरावांच्या पालुपदाची वाट बघत होते. ते आलं नाही.

चार दिवसांनी सकाळी मी दुधाच्या बूथवर गेले, तर भुजंगराव रांगेत. सदरा धुतलेला, इस्त्रीचा, दुसरा. आणि त्याच्या वरच्या बटणाला तीच पिवळी चिठ्ठी. सदरा बदलताना बटणासकट उसवून या सदऱ्यावर शिवून घेतली होती, म्हणजे गाठ सोडायला नको. रांगेतले लोक टकमक बघत होते. मी जवळ जाऊन वाचली. पद्दूचं वाकडंतिकडं मराठी अक्षर, 'होल्ड. मी येईपर्यंत.'

"अहो, लोक हसताहेत," मी म्हटलं. "काढा की ती आता."

भुजंगरावांनी चिठ्ठी हातानं नीट सरळ केली. डोळे भरून आले होते, पण आवाज कारखान्यातला होता.

"मज कशी काढतां येईल, बाई?" ते म्हणाले. "इन्स्पेक्टर गावांत नाही."